बांध कुणाचा? खारेपाटातल्या एका भोकाची गोष्ट

आजची गोष्ट एका भोकाची आहे. खेकड्याने पाडलेल्या, जेमतेम बोटभर भोकाची. हसू नका. या भोकापायी रायगडमध्ये लोकांची शेतंच्या शेतं गेली आहेत.

आधी जागा समजून घेऊ. अंबा नदी सह्याद्रीतून उतरते, पाली-नागोठण्यावरून पुढे येते आणि तिची धरमतरची खाडी होते. पेण-अलिबागच्या या सखल पट्ट्याला आपण खारेपाट म्हणतो. इथे काठ दोन्हीकडून खाल्ला जातो. पावसाळ्यात डोंगरातून पूर येतो आणि वर्षभर, दिवसातून दोनदा, समुद्राची भरती आत घुसते. अमावास्या-पौर्णिमेला तर उधाण. आणि शेत भरतीच्या पातळीच्या खाली! म्हणजे मध्ये उभा असलेला मातीचा बांध, तेवढंच काय ते संरक्षण. याला म्हणतात खारबंदिस्ती.

माझ्या आजोबांची भातशेती अशाच एका बांधामागे होती. लहानपणी मला वाटायचं, बांध म्हणजे मातीचा ढीग. तसं नाही हो. खाडीचाच चिकट चिखल थरावर थर चढवायचा, लाटा आपटतात त्या बाजूला दगड लावायचे. बांधाच्या पुढे तिवरांची रांग असली तर फारच उत्तम, कारण लाटेचा जोर तीच आधी मोडते आणि मुळांशी गाळही धरते. पावसाचं पाणी बाहेर जायला बांधात उघाडी असते, म्हणजे लाकडी झडप. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप बंद होते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. ना वीज, ना मोटर. भारी ना?

आता ते भोक. खेकडा बांध पोखरतो. भरतीचं पाणी त्या भोकातून झिरपतं, जाताना थोडी माती नेतं. पुढच्या भरतीला आणखी थोडी. आठवड्याभराने उधाण आलं की बांध तिथेच फुटतो. याला इथली माणसं म्हणतात 'खांड गेली'. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की तो हंगाम तर जातोच, पण जमिनीतलं मीठ धुऊन निघायला पुढचे कित्येक पावसाळे लागतात.

पहिल्या दिवशी मूठभर चिखलाने बुजलं असतं ते. म्हणून खरा प्रश्न असा: त्या दिवशी बांधावर फिरायचं कुणी?

इतिहासात याचं उत्तर ठरलेलं होतं. १८८३ च्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये 'शिलोत्री' जमिनींची माहिती आहे. बांध घालून जमीन उठवणारा तो शिलोत्रीदार. बांध राखण्याची जबाबदारी त्याची, आणि त्याबद्दल तो कुळांकडून बिघ्यामागे जादा मणभर धान्य घ्यायचा. प्रत्यक्ष चिखल उचलायची मात्र गावची माणसं. खांड गेली की घरटी माणूस बाहेर पडायचा, मग रात्र असो की पाऊस. एका बांधामागच्या शेतकऱ्यांनी मिळून काम करायची ही रीत 'जोळ' म्हणून ओळखली जाते.

ऐकायला छान वाटतं, पण इथेच फसू नका. घाम कुळांचा आणि धान्य सावकार-खोतांच्या कोठारात, असा हा मामला होता. म्हणूनच २७ ऑक्टोबर १९३३ ला अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. २५ गावं त्यात होती आणि तो १९३९ पर्यंत चालला. शेतकऱ्यांनी खोतांची जमीन कसायलाच नकार दिला. १७ सप्टेंबर १९३७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती गेली. जायलाच हवी होती. त्यात काही वादच नाही.

पण बांधाचं काय झालं? १९४८ च्या खारजमीन कायद्याने मंडळ आलं, १९७९ मध्ये नवा कायदा आला आणि बांधांची मोठी कामं सरकारकडे गेली. एका परीने ते बरोबरच होतं. दगडाचं पिचिंग, नवी उघाडी, हा खर्च एकट्या गावाला कसा झेपणार? फक्त एक गोष्ट या बदलात हळूहळू निसटली: रोजची नजर. शेतकऱ्याला वाटायला लागलं, बांध सरकारचा. सरकारी कामाला अंदाजपत्रक लागतं, मंजुरी लागते. खेकडा काही मंजुरीसाठी थांबत नाही!

आणि आता याला एक नवा पीळ आहे. खांड वेळेत बांधली नाही तर शेतात तिवरं उगवतात. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनं तोडायला बंदी घातली. किनाऱ्यासाठी ती हवीच होती. बांधाबाहेरचं तिवर तर आपलं संरक्षणच करतं. पण तेच बांधाच्या आत वाढलं की सातबारावर भातशेती आणि जागेवर जंगल, अशी गत होते. शेतकरी नावाला मालक राहतो, पण कोयता लावू शकत नाही.

गेल्या पावसाळ्यात मी आजोबांच्या बांधावर गेलो होतो. ते असते तर हातात फावडं असतं. माझ्या हातात मोबाईल होता. पायाखाली एक भोक दिसलं, आणि खरं सांगतो, मी आधी त्याचा फोटो काढला. मग लाज वाटली. खाली वाकून चिखल घेतला आणि बुजवलं. दोन मिनिटांचं काम.

जुनी वतनदारी परत नको, अजिबात नको. पण जोळ? ती कुठल्याच कायद्याने बंद केलेली नाही. तुमच्या गावात नदीचा, खाडीचा काठ खचत असेल, तर घरातल्या मोठ्या माणसांना एकदा विचारा, पूर्वी यावर कोण फिरायचं? आणि उत्तर आम्हाला व्हॉइस नोटवर नक्की पाठवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर बांध सांभाळा!