नवें भौतिकशास्त्र आणि नवी चित्रकला

दोन गोष्टी एकाच काळीं उदयास आल्या कीं, एकीपासून दुसरी झाली असें म्हणण्याचा मोह टीकाकारांस आवरत नाहीं. स्वप्न व अबोध मन यांस कलेचें उगमस्थान मानणाऱ्या अतिवास्तववादाचा जाहीरनामा आंद्रे ब्रेताँ यानें 1924 सालीं काढला. हायझेनबर्गनें क्वांटम सिद्धान्ताचें नवें गणित 1925 सालीं मांडलें. तेवढ्यावरून, हे चित्रकार अणूचेंच अंतरंग रंगवीत होते, असें प्रतिपादन करण्यांत येतें. हें मत आम्हांस मान्य नाहीं.

साल्वादोर दाली याच्या 1931 च्या चित्रांतील वितळलेलीं घड्याळें पाहून अनेकांस आइन्स्टाइनचा काळ आठवतो. दाली मात्र त्यांचें श्रेय उष्णतेनें विरघळणाऱ्या चीजला देत असे! पुढें 1945 सालीं हिरोशिमावर बाँब पडला, तेव्हां अणूनें त्याच्या मनाचा खरोखरच ताबा घेतला. 1952 ते 1954 च्या दरम्यान त्यानें तेंच दृश्य पुन्हां रंगविलें, व त्यांतील सृष्टि सुट्या तुकड्यांत विखुरलेली दाखविली. शास्त्र चित्रांत शिरलें तें भयाच्या दारानें.

मग दोहोंत साम्य कोणतें? डोळ्यांची साक्ष अपुरी आहे, हें शास्त्रज्ञ व चित्रकार या दोघांनींही मानलें. ब्रेताँनेंच 1936 सालीं नव्या कलेची तुलना युक्लिडेतर भूमितीशीं केली. रोजच्या अनुभवाविरुद्ध जाण्याचें धैर्य, एवढेंच त्यांचें समाईक धन.

आपल्याकडे शास्त्र व कला यांचा संबंध अधिक प्रत्यक्ष रीतीनें जुळला. 1915 च्या नोव्हेंबरांत आइन्स्टाइननें व्यापक सापेक्षतावाद मांडला. त्याच वर्षीं पंढरपुरास मकबूल फिदा हुसेन जन्मले. हा केवळ योगायोग; शिवाय हुसेन अतिवास्तववादी नव्हते. परंतु 1945 सालीं टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापणारे होमी भाभा स्वतः चित्रें काढीत. संस्थेच्या खर्चांतील शेंकडा एक भाग कलाकृतींसाठीं राखण्यास त्यांनीं पंडित नेहरूंची संमति मिळविली, आणि कुलाब्याच्या इमारतींत हुसेन यांनीं 'भारत भाग्य विधाता' हें सुमारें 45 फूट लांबीचें भित्तिचित्र रंगविलें. भौतिकशास्त्राच्या त्या घरांत चित्रकारानें माणसेंच काढलीं, आणि शास्त्रज्ञानें त्याबद्दल तक्रार केली नाहीं.

पंढरीच्या वाटेवर सगुण-निर्गुणाचा विचार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. शास्त्रज्ञ निर्गुणाकडे जातो, चित्रकार सगुणाकडे; एकानें दुसऱ्याचें भाषांतर करावें, ही अपेक्षाच चूक. यास्तव चित्रासमोर उभे राहिल्यावर तें कोणतें सूत्र समजावून सांगतें, असें आपण विचारूं नये. पाहण्याची आपली कोणती संवय तें मोडतें, एवढेंच विचारावें.