हॉचकिसची युद्धकालीन रोजनिशी

अमेरिकन यादवी युद्धातील (१८६१–६५) दक्षिणी राज्यसंघाच्या सेनेचा नकाशाकार जेडेडाया हॉचकिस (३० नोव्हेंबर १८२८–१७ जानेवारी १८९९) याने लिहिलेली रोजनिशी. त्याचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील विंडसर येथे झाला. पुढे व्हर्जिनियातील शेनँडोआ खोऱ्यात स्थायिक होऊन त्याने शाळा चालविल्या. मानचित्रण तो स्वप्रयत्नाने शिकला. जन्माने उत्तरेचा असूनही, गुलामगिरी टिकविण्यासाठी फुटून निघालेल्या राज्यांची बाजू त्याने घेतली.

२६ मार्च १८६२ रोजी जनरल टॉमस जॅक्सनने हार्पर्स फेरी ते लेक्सिंग्टन या टापूचा नकाशा, आक्रमण व संरक्षण यांस सोयीच्या जागांसह, तयार करण्याचे काम त्यास सांगितले. बहुधा घोड्यावर बसूनच तो रंगीत पेन्सिलींनी कच्ची रेखाटने काढी व त्यांवरून मोठा नकाशा सिद्ध करी. खोऱ्याचा त्याचा नकाशा सु. अडीच मी. लांब असून त्याचे प्रमाण १ : ८०,००० आहे.

रोजनिशीत हवामान, रस्ते, मुक्काम, सेनापतींचे हुकूम आणि नकाशांचे चालू काम यांच्या नोंदी आहेत. त्यांपैकी २३ फेब्रुवारी १८६३ ची नोंद विशेष महत्त्वाची आहे. खोऱ्याचा नकाशा पेनसिल्व्हेनियातील हॅरिसबर्ग व तेथून फिलाडेल्फियापर्यंत वाढवावा, असा गुप्त आदेश जॅक्सनने दिल्याचे तीत नमूद आहे. चॅन्सलर्सव्हिलच्या लढाईत २ मे रोजी स्वपक्षाच्याच गोळीबारात जॅक्सन जखमी झाला व १० मे रोजी मरण पावला. त्यानंतर जूनमध्ये जनरल रॉबर्ट ली याची सेना उत्तरेस निघाली आणि १–३ जुलै रोजी गेटिझबर्ग येथे पराभूत झाली. चॅन्सलर्सव्हिलच्या विजयामुळेच या स्वारीची कल्पना निघाली, हे मत वरील नोंदीपुढे टिकत नाही. त्या विजयापूर्वी दोन महिन्यांहून अधिक काळ स्वारीच्या मार्गाची आखणी सुरू झाली होती. हुकूम निघण्यापूर्वीची तयारी नकाशाकाराच्या मेजावर आधी उमटते, हे या रोजनिशीचे खरे मूल्य होय. मात्र ती एका पक्षाच्या अधिकाऱ्याची असल्याने अन्य साधनांशी ताडून वाचावी लागते.

युद्धानंतर हॉचकिस स्टॉन्टन येथे राहिला. संघशासनाने युद्धाच्या अधिकृत कागदपत्रांना जोडून १८९१–९५ मध्ये काढलेल्या नकाशासंग्रहात त्याचे शंभराहून अधिक नकाशे आहेत. त्याचा नकाशासंग्रह १९४८ मध्ये वॉशिंग्टन येथील काँग्रेस ग्रंथालयात दाखल झाला. आर्ची मॅकडॉनल्ड याने संपादित केलेली रोजनिशी १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली.