मुंबई उपनगरांतील क्रिकेट

मुंबई बेटाच्या उत्तरेस, पश्चिमेकडे वांद्रे ते दहिसर आणि पूर्वेकडे कुर्ला–चेंबूर ते मुलुंड या पट्ट्यांत रुजलेली क्रिकेटची परंपरा. या परंपरेची तीन अंगे आहेत : शाळा व क्लब यांच्या साखळी स्पर्धा, उपनगरांतून घडलेले खेळाडू आणि या दोहोंची स्मृती जतन करणारा जाणकार रसिकवर्ग. बेसबॉलच्या साखळी सामन्यांना व जुन्या खेळाडूंना अमेरिकेच्या नागरी जीवनात जे स्थान आहे, तेच मुंबईत क्रिकेटला लाभले आहे.

पूर्वपीठिका : मुंबईत एतद्देशीयांच्या क्रिकेटला पारशी समाजाने प्रारंभ केला. १८४८ मध्ये पारशांचा ओरिएंटल क्लब स्थापन झाला व १८८६ आणि १८८८ मध्ये त्यांचे संघ इंग्लंडला जाऊन आले. पुढे चौरंगी (१९१२) व पंचरंगी (१९३७) सामन्यांनी शहर भारून टाकले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेणारे डावखुरे फिरकी गोलंदाज पाळवणकर बाळू (१८७६–१९५५) हे या काळातील थोर खेळाडू. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत जन्मल्यामुळे त्यांना हिंदू संघाचे नायकत्व कधीच मिळाले नाही. १९२३ मध्ये ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले. हे सर्व क्रिकेट दक्षिण मुंबईतील जिमखान्यांवर व मैदानांवर चाले. उपनगरे तेव्हा भातखाचरांची व गावठाणांची होती. १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेवरील रेल्वेगाड्या धावू लागल्या आणि पुढील स्थित्यंतराचा पाया घातला गेला.

कांगा लीग : जातवार सामने बंद पडल्यानंतर क्लब हेच मुंबईच्या क्रिकेटचे मुख्य घटक ठरले. पारशी फलंदाज व १९११ च्या दौऱ्यातील एक खेळाडू डॉ. होरमसजी दोराबजी कांगा (१८८०–१९४५) यांच्या स्मरणार्थ १९४८ मध्ये ही साखळी स्पर्धा सुरू झाली. इतरत्र क्रिकेट थांबते त्या पावसाळ्यात, मुख्यतः रविवारी, हे सामने होतात. ‘ए’ ते ‘जी’ अशा सात विभागांत प्रत्येकी चौदा संघ, अशी तिची रूढ रचना आहे. उघड्या, भिजलेल्या खेळपट्टीवर चेंडू कधी थबकतो, तर कधी अवचित उसळतो. वाढलेल्या गवतात जमिनीलगतचा फटका अडतो. त्यामुळे येथील तीस धावा कोरड्या खेळपट्टीवरील शतकाच्या तोलाच्या मानल्या जातात. दादर युनियन व शिवाजी पार्क जिमखाना यांच्या चुरशीने ही स्पर्धा गाजली. माधव मंत्री, नरेन ताम्हाणे, सुनील गावसकर व दिलीप वेंगसरकर हे पहिल्या क्लबचे, तर रमाकांत देसाई, अजित वाडेकर, पद्माकर शिवलकर व संदीप पाटील हे दुसऱ्याचे. पुढे वांद्र्याचा एमआयजी क्रिकेट क्लब, कांदिवलीचा पय्याडे स्पोर्ट्‌स क्लब यांसारखे उपनगरी क्लबही या स्पर्धेत ठळकपणे दिसू लागले.

उपनगरांचा उदय : मुंबई महानगरपालिकेची हद्द १९५० व १९५७ मध्ये वाढून दहिसर व मुलुंडपर्यंत गेली, १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. गिरगाव–दादर भागांतील मध्यमवर्गीय कुटुंबे जागेच्या शोधात उत्तरेकडे सरकली. मैदाने मात्र होती तेथेच राहिली. परिणामी, क्रिकेटचे साहित्य भरलेली पिशवी सांभाळत लोकलच्या गर्दीतून प्रवास करणारा मुलगा हे मुंबईच्या क्रिकेटचे प्रातिनिधिक चित्र बनले. कांजूरमार्गचा विनोद कांबळी आणि वांद्र्याच्या साहित्य सहवास वसाहतीतील सचिन तेंडुलकर हे दोघेही दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात रमाकांत आचरेकर यांच्या हाताखाली तयार झाले. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस ढालीच्या सामन्यात त्यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. कांबळी ३४९, तर तेंडुलकर ३२६ धावांवर नाबाद राहिला.

त्यानंतरच्या पिढीत शिक्षणाचे केंद्रही उपनगरांत आले. बोरिवलीस आजी-आजोबा व काका यांच्याकडे वाढलेल्या रोहित शर्मा याला प्रशिक्षक दिनेश लाड यांनी स्वामी विवेकानंद शाळेत आणले. शुल्क न परवडल्यामुळे त्याला शिष्यवृत्ती मिळवून दिली आणि फिरकी गोलंदाज म्हणून आलेल्या या मुलातील फलंदाज ओळखला. १३ नोव्हेंबर २०१४ रोजी श्रीलंकेविरुद्ध त्याने केलेल्या २६४ धावा हा एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यांतील वैयक्तिक उच्चांक ठरला. पालघरचा शार्दूल ठाकूर याच प्रशिक्षकाच्या मार्गदर्शनाने पुढे आला. चेंबूर भागात वाढलेल्या सूर्यकुमार यादवने २९ जून २०२४ रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सीमारेषेवर टिपलेला झेल निर्णायक ठरला. बालपणी भांडुपला राहिलेल्या जेमिमा रॉड्रिग्जचे कुटुंब खेळाच्या सोयींसाठी वांद्र्यास आले. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिने नाबाद १२७ धावा काढून भारताला अंतिम फेरीत नेले.

रसिक व स्मृती : मुंबईचा क्रिकेटरसिक केवळ प्रेक्षक नसतो. आकाशवाणीवरील बाळ ज. पंडित यांच्या मराठी धावत्या समालोचनाने त्याचा कान तयार केला, तर वि. वि. करमरकर यांच्या क्रीडापत्रकारितेने त्याला आकड्यांमागचा खेळ वाचण्याची सवय लावली. सोमवारच्या वृत्तपत्रातील क्लब सामन्यांचे धावफलक, लोकलमधील ठरलेला डबा, सोसायटीचा कट्टा व मैदानाच्या कडेचे झाड ही त्याच्या चर्चेची ठिकाणे. तेथे ताज्या निकालाची बातमी बघता बघता जुन्या खेळाडूंच्या तुलनेकडे वळते. विजय मर्चंट यांची प्रथम श्रेणीतील ७१·६४ धावांची सरासरी, किंवा १९४८ मध्ये पुण्यास प्रतिस्पर्धी संघ मैदान सोडून गेल्यामुळे भाऊसाहेब निंबाळकर यांची नाबाद ४४३ वर थांबलेली खेळी हे अशा चर्चांचे नित्याचे विषय होत. उघड्या खेळपट्ट्यांवरील धावा झाकलेल्या खेळपट्ट्यांवरील धावांशी कशा तोलाव्यात, हा त्यांतील न मिटणारा वाद.

ही मौखिक परंपरा अतिशयोक्तीपासून मुक्त नाही. परंतु अधिकृत नोंदी ज्यांना दुय्यम स्थान देतात, त्यांना न्याय देण्याचे काम ती करते. पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ५८९ बळी घेतले. १९७२–७३ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी तमिळनाडूचे १६ धावांत ८ व १८ धावांत ५ बळी मिळवले. मुंबईचे ते सलग पंधरावे विजेतेपद होते. तथापि बिशनसिंग बेदी यांच्या समकालीन असल्यामुळे शिवलकरांना एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. प्रथम श्रेणीच्या पदार्पणातच २६० धावा काढणाऱ्या अमोल मुझुमदार यांचीही तीच गत झाली. पुढे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारतीय महिला संघाने २०२५ चा विश्वचषक जिंकला. मार्च २०२५ मध्ये शिवलकर निवर्तले, तेव्हा त्यांची गोलंदाजी पाहिलेल्या रसिकांची स्मृती हाच त्यांच्या श्रेष्ठत्वाचा मोठा पुरावा होता.

नव्या साखळी स्पर्धा : इंडियन प्रीमियर लीग (२००८) नंतर मुंबई क्रिकेट संघटनेच्या आश्रयाखाली २०१८ मध्ये टी-२० मुंबई लीग सुरू झाली. अंधेरी, वांद्रे, उत्तर मुंबई, ईशान्य मुंबई अशी स्थलनामे तीत प्रथमच व्यावसायिक संघांना लाभली. २०१८ मध्ये ईशान्य मुंबईचा ट्रायम्फ नाइट्‌स, तर २०१९ मध्ये नॉर्थ मुंबई पँथर्स हा संघ विजयी झाला. खंडानंतर २०२५ मध्ये स्पर्धा पुन्हा भरली. खेळाडूंची निवड लिलावाने होत असल्याने नाव व रहिवास यांचा मेळ असेलच असे नाही. तरीही आपल्या वस्तीचे नाव धावफलकावर पाहण्याचे समाधान उपनगरी रसिकाला मिळाले. गल्लीबोळांतील टेनिस चेंडूच्या क्रिकेटलाही मार्च २०२४ मध्ये ठाण्यास झालेल्या इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगमुळे प्रतिष्ठा आली.

मैदानांचा प्रश्न : वांद्रे–कुर्ला संकुल व कांदिवली येथे मुंबई क्रिकेट संघटनेच्या सुसज्ज सोयी झाल्या असल्या, तरी सर्वांना खुली अशी मोठी मैदाने अद्याप मुख्यतः दक्षिणेतच आहेत. नोव्हेंबर २०१३ मध्ये वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेच्या पृथ्वी शॉ याने बोरिवलीच्या सेंट फ्रान्सिस डी असिसी शाळेविरुद्ध ५४६ धावा केल्या. दोन्ही शाळा उपनगरांतील असूनही तो सामना आझाद मैदानावर झाला. उपनगरांतील मोकळ्या जागा लहान व विखुरलेल्या आहेत. त्यांवर बांधकामाचा, वाहनतळांचा व समारंभांच्या मांडवांचा ताण सतत असतो. मुंबईने २०२३–२४ मध्ये बेचाळिसाव्यांदा रणजी करंडक जिंकला. या यशाला खेळाडू पुरविणाऱ्या उपनगरांना खेळण्याची जागा किती उरते, यावर या परंपरेचे भवितव्य अवलंबून आहे.