तशरीहचे टेबल आणि बेवारस देह

लोणार तालुक्यातील बीबीसारख्या गावात मय्यत झाली की सारा मोहल्ला गोळा होतो. गुस्ल देणारे हात हळुवार असावेत, मय्यतीचे अंग उघडे पडू नये, दफनाला उशीर होऊ नये, याची प्रत्येकाला काळजी असते. मृताचे हाड मोडणे हे जिवंत माणसाचे हाड मोडण्यासारखेच आहे, या अर्थाची हदीस घराघरांत माहीत असते.

अशा घरातला मुलगा किंवा मुलगी डॉक्टरकीला जाते. अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आहे. २०२४ मध्ये बुलढाणा आणि जालना येथेही अशी महाविद्यालये सुरू झाली. पहिल्याच वर्षी डिसेक्शन हॉलचे दार उघडते. फॉर्मेलीनने डोळे चुरचुरतात, वास कपड्यांत बसतो, काही दिवस जेवण जात नाही. पुस्तकात धमनी लाल, शीर निळी आणि मज्जातंतू पिवळा असतो. टेबलावर मात्र सारे एकाच मळकट तपकिरी रंगाचे. बोटांनीच ओळख पटवावी लागते. पुढे सवय होते. सवय व्हावीही लागते. पण घरी शिकलेला मय्यतीचा अदब आणि हातातली सुरी यांचा मेळ कसा घालायचा, हे अभ्यासक्रमात नसते. त्यासाठी इतिहासाकडे जावे लागते.

त्या टेबलावर शिकवले जाणारे काही शब्द तर आपल्याच ओळखीचे आहेत. पायातल्या 'सॅफिनस' शिरेचे नाव अरबी 'साफिन'वरून आले, असे मानले जाते. मेंदूवरच्या आवरणाला 'ड्यूरा मेटर', म्हणजे कठीण माता, म्हणतात. तो अरबी शब्दप्रयोगाचा लॅटिन तर्जुमा आहे. युनानी तिब्बमध्ये या विद्येला 'तशरीह' म्हणतात, आणि मालेगावच्या मोहम्मदिया तिब्बिया कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनाही हा विषय चुकत नाही.

मग आपल्या हकिमांनी देह उघडून पाहिले होते का? बहुतेकांची भिस्त जालिनूसच्या ग्रंथांवर होती. पण इ.स. १२०० च्या सुमारास इजिप्तमध्ये भीषण दुष्काळ पडला. बगदादचा हकीम अब्दुल लतीफ तेव्हा तिथे होता. भुकेने मेलेल्यांच्या हाडांचे ढीग त्याने पाहिले आणि दोन हजारांहून अधिक कवट्या तपासल्या. खालचा जबडा दोन हाडांचा असतो, असे जालिनूसने लिहिले होते. अब्दुल लतीफला तो सगळीकडे एकाच हाडाचा दिसला. ग्रंथापेक्षा डोळ्यांचा पुरावा मोठा, असे त्याने नि:संकोच लिहिले.

त्यानंतर काही दशकांनी इब्न नफीसने रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यातून फुप्फुसात जाते आणि तिथून डाव्या कप्प्यात येते, हे मांडले. युरोपात हीच गोष्ट १५५३ मध्ये सर्व्हेटसने लिहिली. शरीअत आणि मनातली दया यांमुळे आपण चिरफाडीपासून दूर राहिलो, असे इब्न नफीस सांगतो. त्याची ही अडचण आजच्या विद्यार्थ्याला परकी वाटणार नाही.

ही अडचण केवळ मुसलमानांची होती, असेही नाही. सुश्रुताने प्रेत पाण्यात ठेवून थर थर पाहण्याची रीत सांगितली होती. पुढे विटाळाच्या कल्पनेने तीही मागे पडली. म्हणून तर १८३६ मध्ये कलकत्त्याला पंडित मधुसूदन गुप्तांनी शवाला सुरी लावली, ती घटना इतिहासात नोंदली गेली. इजिप्तमध्ये मुहम्मद अलीच्या काळात १८२७ ला वैद्यकीय शाळा निघाली, तिथेही उलेमांची समजूत काढावी लागली. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले.

परंतु शव यायचे कुठून? इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये कबरी उकरून प्रेते विकली जात. १८२८ मध्ये एडिंबरोत बर्क आणि हेअर या दोघांनी प्रेते विकण्यासाठी माणसेच मारल्याचे उघड झाले. त्यानंतर १८३२ चा कायदा आला आणि अनाथालयात, इस्पितळात मेलेल्या बेवारस गरिबांचे देह विद्यार्थ्यांना मिळू लागले. आपल्याकडचा १९४९ चा मुंबईचा कायदाही त्याच वाटेने गेला. ज्याला न्यायला कोणी आले नाही, त्याचा देह महाविद्यालयाकडे.

म्हणजे अब्दुल लतीफच्या दुष्काळापासून आजच्या टेबलापर्यंत एक धागा सलग दिसतो. ही विद्या गरिबाच्या देहावर उभी आहे, आणि त्या गरिबाला बहुधा कोणी विचारलेले नाही.

शरीअतचा प्रश्न उलेमांनी टाळला नाही. मक्केच्या इस्लामी फिकह परिषदेने १९८७ मध्ये शिक्षणासाठी चिरफाडीला परवानगी दिली. अटी अशा: ओळख असलेल्या माणसाची हयातीतली संमती हवी, गरजेपुरतेच कापावे, स्त्रीचा देह शक्यतो स्त्री डॉक्टरनेच हाताळावा आणि सर्व अवयव दफन करावेत. अक्कलकुव्याच्या जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम या संस्थेने तर बीबीहून फार लांब नसलेल्या बदनापूरजवळ वैद्यकीय महाविद्यालयच उभे केले. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की डिसेक्शन हॉल आलाच. मदरसा चालवणाऱ्यांनीच ही गरज मान्य केली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

देहदानाबाबत मात्र मतभेद आहेत. देह ही अल्लाहची अमानत आहे, ती देण्याचा हक्क आपल्याला नाही, असे आपल्या देशातील अनेक मुफ्ती मानतात. त्यांच्या श्रद्धेची चेष्टा करून काही साधणार नाही. पण एक प्रश्न उरतोच. आपल्याला डॉक्टर हवेत, आपल्या लेकी डॉक्टर व्हाव्यात असे आपल्याला वाटते. मग त्यासाठी लागणारा देह नेहमी दुसऱ्या कुणाच्या लाचारीतूनच यावा काय? यावर मशिदीत, जमातीत, घरात शांतपणे बोलायला हवे.

ते बोलणे होईल तेव्हा होवो. इस्पितळात एकटा मेलेला माणूस, मग तो कोणत्याही धर्माचा असो, त्याच्या नातेवाइकांचा शोध घेणे आपल्या हाती आहे. २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात शवाशी आदराने वागणे हे शिकण्याच्या गोष्टींत धरले आहे. बीबीच्या मुलाला ते नव्याने शिकावे लागू नये. गुस्ल देणाऱ्या हातांचा अदब त्याने घरी पाहिलेला असतो. तोच अदब टेबलापाशी न्यायचा आहे. ज्याच्या हाताच्या नसा तो मोजतो, त्याला कुणी कधीतरी नावाने हाक मारली होती.