वसई रोड : एका स्थानकाची कथा

आपल्या रेल्वेस्थानकाचे नाव नुसते ‘वसई’ नाही, ते ‘वसई रोड’ आहे. पाटीवरील ही अक्षरे आपण नित्य वाचतो. पण हा ‘रोड’ तेथे कशासाठी, असा प्रश्न क्वचितच मनात येतो. स्थानक गावापासून दूर असेल आणि तेथून गावाकडे रस्ता जात असेल, तर रेल्वे कंपन्या गावाच्या नावापुढे ‘रोड’ हा शब्द जोडीत. वसईचा किल्ला व जुनी बाजारपेठ खाडीच्या मुखाशी आहे. स्थानक मात्र तेथून दोन कोसांवर, माणिकपूर आणि नवघर यांच्या मध्ये उभे राहिले. या दोन कोसांत आपल्या समाजाचा मोठा इतिहास सामावला आहे.

वसईचे वैभव पाण्याच्या वाटेने आले. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. त्या दोनशे वर्षांत बंदर हाच गावाचा दरवाजा होता. पुढे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने गुजरातेतून मुंबईकडे लोहमार्ग आणला आणि १८६४ साली तो ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. खाडीच्या मुखापासून बऱ्याच आत, पाणजू बेटावरून हा मार्ग गेला. वसईचा दरवाजा समुद्राकडून शेतांकडे वळला तो तेव्हापासून.

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅक बेकडे पहिली उपनगरी गाडी सुटली. सकाळी पावणेसातला जाणारी एक आणि सायंकाळी साडेपाचला परतणारी एक, एवढाच तिचा संसार होता. तिच्या थांब्यांत वसईप्रमाणे ‘पाणजे’ हेही नाव होते. ते स्थानक पुढे नाहीसे झाले. दोन्ही पुलांवरून गाड्या धडधडत जातात. बेटावरील लोक मात्र होडीने खाडी ओलांडतात. लोहमार्ग दाराशी आला म्हणजे दैव उघडलेच, असे नाही!

वसईचे दैव मात्र उघडले. वाडीतील केळी, विड्याची पाने, फुले व भाजीपाला मुंबईच्या बाजारात जाऊ लागला. दुधाच्या बरण्या पहाटेच्या गाडीत चढू लागल्या. डोक्यावर पाटी घेऊन दादरला जाणाऱ्या आपल्या माता-भगिनींनी कित्येक घरांतील मुलांची शिक्षणे पार पाडली. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत धावू लागली आणि मुंबईत नोकरी करून सायंकाळी घरच्या रोझरीला हजर राहणे अनेकांना सुकर झाले.

परंतु लोहमार्ग दोन्ही दिशांना जातो. ज्या मार्गाने वाडी मुंबईला गेली, त्याच मार्गाने मुंबई वाडीत आली. स्थानकाभोवतीची भातखाचरे इमारतींखाली गेली. माणिकपूर-नवघर हीच वसईची मुख्य पेठ झाली आणि जुने वसई गाव एका बाजूस राहिले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली ‘हरित वसई’ची चळवळ उभी राहिली, ती याच ओघाला बांध घालण्यासाठी. त्यांनी विकासाला विरोध केला नाही. ही जमीन, हे पाणी आणि येथील माणसे यांचा विचार विकासात असावा, एवढाच त्यांचा आग्रह होता. २००९ साली येथे महानगरपालिका आली. २०२४ साली फादर आपल्यातून गेले. त्यांचा प्रश्न मात्र मागे राहिला आहे.

रेल्वेला दोष देणे कृतघ्नपणाचे ठरेल, कारण आपल्या घरातील कितीतरी पदव्या तिच्याच डब्यांतून आल्या आहेत. पण ज्या जमिनीने त्या पाट्या भरल्या, तिचेही ऋण आपल्यावर आहे. घरातील वडीलधाऱ्यांना त्या पहाटेच्या गाडीविषयी एकदा अवश्य विचारावे आणि ते जे सांगतील ते लिहून ठेवावे. स्थानकाच्या नावातील ‘रोड’ आपल्याला हेच सांगतो की वसई येथे संपत नाही. ती अजून दोन कोस पुढे आहे. त्या वाटेवरील हिरवळ जपणे आपल्या हाती आहे.