सिगारेट आणि हिरड्यांचे आरोग्य

सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्या आणि दाताला धरून ठेवणारे जबड्याचे हाड यांची झीज लवकर आणि जास्त होते. लोक ज्याला पायोरिया म्हणतात तो हा परिदंतदाह. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत तो सिगारेट ओढणाऱ्यांत कधीच न ओढणाऱ्यांच्या सुमारे चौपट आढळला. निम्म्याहून अधिक रुग्णांचा विकार आजच्या किंवा पूर्वीच्या धूम्रपानाशी जोडता आला. धूम्रपान हे या विकाराचे कारणच आहे, असा निष्कर्ष अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००४ च्या अहवालात आहे.

मुळात रोग होतो तो दातावर साचणाऱ्या जंतूंच्या थरामुळे. सिगारेट शरीराचा प्रतिकार मोडते: पांढऱ्या पेशी जंतूंना नीट गाठू शकत नाहीत आणि हिरडी भरून काढणाऱ्या पेशी मंदावतात. वरच्या पुढच्या दातांची टाळूकडील बाजू बहुधा अधिक झिजलेली आढळते.

सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे हा रोग लपतो. एरवी ब्रश करताना रक्त आले की माणूस सावध होतो. धूम्रपान करणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येते, लालीही कमी दिसते; हिरडी फिकट, जाडसर, वरवर ठणठणीत वाटते. दंतवैद्य मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडी यांच्या फटीत अलगद घालतात. निरोगी हिरडीत ती एक ते तीन मिलिमीटर आत जाते. इथे मात्र रक्ताचा थेंबही न येता पाच-सहा मिलिमीटर उतरू शकते. तोवर हाड बरेच गेलेले असते. दात हलू लागल्यावरच दवाखाना गाठणारे म्हणूनच इतके आहेत.

डेन्मार्कचे पिंडबोर्ग यांनी १९४७ मध्येच तंबाखू आणि हिरड्यांचा व्रणयुक्त दाह यांचा संबंध दाखवला होता. पुढे ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता यांच्याबरोबर भारतीयांच्या मुखविकारांवर काम करत होते. महाराष्ट्रात तंबाखू भाजून केलेली मिश्री थेट हिरड्यांनाच चोळली जाते, तेव्हा इथे प्रश्न एकट्या सिगारेटचा नाही. विडीही तितकीच वाईट.

२०१८ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार दिवसाला दहा किंवा अधिक सिगारेटी ओढणाऱ्या रुग्णाचा परिदंतदाह सर्वांत वेगाने वाढणाऱ्या श्रेणीत धरला जातो. सिगारेट चालू असताना किटण काढून मुळे साफ केली तरी गुण कमी येतो, आणि कृत्रिम दातासाठी हाडात बसवलेला इम्प्लांट निकामी होण्याचा धोकाही वाढतो. सिगारेट सोडल्यावर काही आठवड्यांत हिरड्यांतून पूर्वीपेक्षा जास्त रक्त येऊ लागते. त्याने घाबरून पुन्हा सिगारेट पेटवू नये. दबलेला दाह आता उघड होत असतो, आणि तेव्हाच दंतवैद्याकडून सफाई करून घ्यावी. गेलेले हाड सहसा परत येत नाही, पण पुढची झीज मंदावते आणि वर्षे जातील तसा धोकाही उतरत जातो.