कॅन्सरचा खर्च: मुंबईच्या गाडीपासून योजनेच्या कार्डापर्यंत

"डॉक्टर, मुंबईला न्यावं लागेल का?" कॅन्सरचा रिपोर्ट हातात पडला की आपल्या जळगाव-धुळ्याकडचे नातेवाईक आधी हेच विचारतात. पाठोपाठ शेत विकायची गोष्ट निघते. थांबा. आधी थोडा इतिहास ऐका.

लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांचे पती सर दोराबजी यांच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू केले. १९६२ मध्ये ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे गेले. गरिबांना तिथे कमी खर्चात उपचार मिळू लागले. पण जळगावहून मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर, आणि धुळ्याहून रेल्वेने जायचे तर आधी चाळीसगाव गाठायचे. शेक घ्यायचा तर सहा-सात आठवडे मुक्काम. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने अशा कितीतरी कुटुंबांना आसरा दिला. तरी घरची मजुरी बुडायची ती बुडायचीच.

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत धुळे होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर झाली आणि जळगावही आले. वर्षाला कुटुंबामागे दीड लाखाचे संरक्षण होते. २०१७ पासून तिला महात्मा फुले यांचे नाव आहे आणि आता मर्यादा पाच लाखांची आहे.

मग प्रश्न सुटला का? अर्धाच. टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तोंडाच्या कॅन्सरचा हिशेब मांडला. लवकर आलेल्या रुग्णामागे सुमारे १ लाख १७ हजार रुपये, वाढलेल्या आजारात सुमारे २ लाख. जास्त पैसे जातात आणि बरे होण्याची आशा मात्र कमी होते.

म्हणून तीन गोष्टी करा. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर लगेच दाखवा. उपचार ठरण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे योजनेची चौकशी करा. आणि आजार फार पसरलेला असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "या उपचाराने माणूस बरा होईल, की थोडे दिवस वाढतील?" वेदना कमी करणारी मॉर्फिनची गोळी महाग नसते. २०१४ मध्ये कायदा बदलून ती मिळण्याची वाटही सोपी केली आहे.

शेत विकण्याआधी हा प्रश्न विचारण्यात काही कमीपणा नाही.